तांबं तेच, त्रिकोण वेगळा

कृषी सेवा केंद्राच्या फळीवरच्या औषधांच्या बाटल्या पाहिल्या तर बाकी सगळा मजकूर मुंगीच्या अक्षरात असतो; लांबून दिसतो तो फक्त त्रिकोणाचा रंग. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात सौम्य. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी हे रंग ठरवून दिले. त्यामागचा हिशेब प्रयोगशाळेतल्या उंदरांचा असतो. दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम औषध पोटात गेलं की निम्मे प्राणी मरतात, तो आकडा काढायचा. त्याला ‘एलडी-५०’ म्हणतात. तो ५० पर्यंत असेल तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा, त्यापुढे हिरवा. ट्रेव्हन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९२७ मध्ये ही मोजणी सुचवली ती औषधनिर्मितीसाठी. फार प्राणी मारावे लागतात म्हणून तिची मूळ पद्धत आंतरराष्ट्रीय चाचण्यांच्या यादीतून २००२ मध्ये वगळली गेली आणि कमी उंदरांत काम भागवणाऱ्या पद्धती आल्या. पण आकडा टिकला, आणि रंगही टिकले.

या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: विष किती घातक हे त्याच्या रसायनावर आणि वजनावर ठरतं. अनेक दशकं या गृहीतकाने बऱ्यापैकी काम दिलं. कीटकनाशकं नॅनो आकारात येऊ लागल्यावर मात्र त्याला तडे गेले.

२००६ साली चीनमधल्या संशोधकांनी छोट्या पांढऱ्या उंदरांना शुद्ध तांब्याची पूड खाऊ घातली. एका गटाला १७ मायक्रॉनच्या कणांची पूड दिली, म्हणजे केसाच्या जाडीहूनही बरीच बारीक. दुसऱ्या गटाला साडेतेवीस नॅनोमीटरच्या कणांची. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. जाड पुडीचा एलडी-५० निघाला ५००० च्या वर. नॅनो पुडीचा निघाला ४१३. तुलनेसाठी तांब्याचा विरघळणारा क्षार दिला होता, त्याचा ११०. धातू तोच, तोंडावाटे देण्याची रीत तीच, प्राणीही त्याच जातीचे. आपल्याकडच्या रंगांत मांडायचं तर एका पुडीला हिरवा त्रिकोण मिळाला असता आणि दुसरीला पिवळा. नॅनो गटातल्या उंदरांच्या मूत्रपिंडांत, यकृतात आणि प्लीहेत स्पष्ट इजा दिसली. जाड पूड खाल्लेले उंदीर जवळपास ठणठणीत राहिले.

असं का व्हावं, हे साध्या गुणाकाराने कळतं. १७ मायक्रॉन आणि साडेतेवीस नॅनोमीटर यांत सुमारे ७२० पटींचा फरक आहे. तेवढ्याच वजनाच्या तांब्याचे ७२० पट लहान कण केले की कणांची संख्या साधारण ३७ कोटी पट होते, आणि बाहेर उघडा पडणारा पृष्ठभाग ७२० पट वाढतो. रासायनिक क्रिया पृष्ठभागावर होते. जाड कण जठरातल्या आम्लात जेमतेम झिजतो आणि आतड्यातून तसाच बाहेर पडतो. नॅनो कण त्याच आम्लावर तुटून पडतो आणि भराभर विरघळतो. दुसऱ्या वर्षी आलेल्या पुढच्या अभ्यासात ही साखळी उलगडली. नॅनो तांबं जठरातलं आम्ल खाऊन टाकतं, त्यामुळे रक्त अल्कधर्मी होत जातं. शिवाय सुटलेल्या तांब्याच्या आयनांचा भार मूत्रपिंडांवर पडतो. उंदीर मेला तो या दुहेरी माराने. थोडक्यात, नॅनो तांब्यात नवं असं काही विष नव्हतं. जुनं विष वेगाने मोकळं झालं, आणि शरीराला सावरायला वेळ मिळाला नाही.

तांब्याचं उदाहरण मुद्दाम घेतलं, कारण ते आपल्या ओळखीचं आहे. १८८५ मध्ये फ्रान्समध्ये मिलार्देने मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण द्राक्षाच्या केवड्यावर चालतं हे जाहीर केलं. त्याच बोर्डो मिश्रणाने आज नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागा आणि कोकण-गोव्यातल्या सुपारीच्या बागा पावसाळ्यात निळसर दिसतात. कॉपर ऑक्सिक्लोराईड तर भाजीपाल्यापासून संत्र्यापर्यंत सगळीकडे. उंदरांना दिलेली पूड बुरशीनाशक नव्हती, निव्वळ धातू होता, हे लक्षात ठेवायला हवं. तिचा आकडा उचलून एखाद्या डब्यावर चिकटवणं चूक ठरेल. पण तांब्याची नॅनो बुरशीनाशकं तयार करण्यामागचा विचारच असा आहे की कण लहान केले तर कमी तांब्यात काम होईल. ज्या गुणाने बुरशी लवकर मरते, त्याच गुणाने उंदराचं मूत्रपिंडही बिघडलं. जाहिरातीत यातला फक्त पहिला अर्धा भाग येतो.

नॅनो कीटकनाशकं म्हणजे एकच जात नव्हे. वर सांगितली ती पहिली जात: मूळ पदार्थालाच बारीक करायचं. तांबं, चांदी, जस्त असे धातू आणि त्यांची ऑक्साईडं यात येतात. दुसऱ्या जातीत विषाचा रेणू तोच राहतो, त्याभोवती वेष्टन येतं. पॉलिमरची कुपी, मेदाचा थेंब, कायटोसानची जाळी, असं काहीही. ही दुसरी जात जास्त गुंतागुंतीची, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचीही.

वेष्टन कशाला, तर पाण्यात न विरघळणारं औषध पाण्यात मिसळावं म्हणून. आपल्याकडे अनेक कीटकनाशकं ‘ईसी’ म्हणून येतात. पाण्यात ओतली की दुधाळ होणारी, उग्र वासाची. त्या वासात औषधापेक्षा झायलिनसारख्या द्रावकाचा वाटा मोठा असतो. द्रावक काढून टाकला, विष इवल्याशा कुप्यांत भरलं, कुप्या पानाला चिकटून राहिल्या आणि आतला माल हळूहळू सुटला, तर औषध कमी लागेल, वाहून कमी जाईल, फवारणाऱ्याच्या नाकात द्रावक जाणार नाही. कल्पना मोहात पाडणारी आहे. २०१९ मध्ये रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने उद्याच्या दहा तंत्रज्ञानांची यादी काढली तेव्हा त्यात नॅनो कीटकनाशकंही होती.

ब्राझीलच्या साओ पाउलो राज्यात सोरोकाबा इथे लिओनार्दो फ्रासेतो यांच्या गटाने ॲट्राझिन हे तणनाशक अशा कुप्यांत भरलं. मक्यात आणि उसात तण मारायला आपल्याकडेही वापरतात तेच. कुपीचा पॉलिमर शरीरात हळूहळू विरघळणारा, वैद्यकीय उपयोगात आलेला. मोहरीवर केलेल्या प्रयोगात दहापट पातळ केलेलं कुपीतलं ॲट्राझिनही तणनाशकाचं काम करून गेलं. शेतकऱ्याच्या दृष्टीने याहून गोड बातमी नाही. मग त्याच कुप्या पाण्यातल्या जिवांवर तपासल्या गेल्या. शैवालाला त्यांचा त्रास साध्या ॲट्राझिनपेक्षा कमी झाला. डॅफ्निया नावाच्या, तळ्यात टुणटुण उड्या मारणाऱ्या इवल्या कवचधारी जिवाला मात्र जास्त झाला. डॅफ्निया पाणी गाळून खातो. विरघळलेलं विष मुख्यतः त्याच्या अंगातून झिरपून आत जातं. कुपी त्याच्या आहाराच्या वाटेने पोटात जाऊ शकते. शैवालाला तोंडच नाही.

इथे एक गोष्ट हाताला लागते. वेष्टन विषाची ताकद कमी-जास्त करतं असं म्हणणं अपुरं आहे. ते विषाचा पत्ता बदलतं. औषधशास्त्रात हे आधीच दिसलं होतं. कर्करोगावरचं डॉक्सोरुबिसिन हृदयाला इजा करतं. ते मेदाच्या नॅनो पिशव्यांत भरून दिल्यावर हृदयाची इजा कमी झाली, पण तळहात आणि तळपाय सोलवटून निघण्याचा त्रास वाढला. डॉक्टर तळहातांकडे बघत होते म्हणून ते कळलं. उंदराच्या प्रयोगात कुठे बघायचं हे आधी ठरवावं लागतं, आणि साध्या औषधासाठी ठरवलेली जागा कुपीसाठी बरोबर असेलच असं नाही.

शरीराच्या आत कणांची वाट रेणूंच्या वाटेहून निराळी असते. २००७ मध्ये अमेरिकेत उंदरांवर झालेल्या कामातून कळलं की मूत्रपिंडाच्या गाळणीतून साधारण साडेपाच नॅनोमीटरपर्यंतचे कणच लघवीवाटे बाहेर जातात. अडीचशे नॅनोमीटरची कुपी तिथून सुटणं शक्य नाही. ती रक्तात पोचलीच, तर यकृतातल्या आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी तिला गिळतात. त्या पेशींचं कामच ते आहे. पण गिळलेल्या कुपीत विष असेल तर ते त्या पेशीच्या पोटात उतरतं. म्हणून नॅनो कीटकनाशकांच्या प्रयोगांत यकृताकडे आणि प्लीहेकडे बारकाईने पाहावं लागतं, मेंदूवर काम करणारं विष असलं तरी.

कुपीचा आकार आणि कुपीचं असणं, यांतलं काय महत्त्वाचं, हे वेगळं काढून पाहणारे प्रयोग फार थोडे. त्यातला एक मला फार आवडतो. अमेरिकेतल्या ओरेगन राज्य विद्यापीठाच्या गटाने बाजारात मिळणारं, कुप्यांत भरलेलं लॅम्ब्डा सायहॅलोथ्रिन घेतलं. कपाशीवर, वांग्यावर मारतात ते. त्यातल्या कुप्या दोन मायक्रॉनच्या आसपासच्या, पण काही दोनशे नॅनोमीटरपर्यंत लहान निघाल्या. म्हणजे नॅनो हा शब्द डब्यावर नव्हता, माल मात्र आत होता. त्यांनी लहान आणि मोठ्या कुप्या वेगळ्या केल्या आणि झेब्रा माशाच्या भ्रूणांना दिल्या. हा मासा मूळचा आपल्याकडचा. गंगेच्या खोऱ्यातले मासे नोंदवताना फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ मध्ये त्याचं वर्णन केलं होतं. त्याचा भ्रूण काचेसारखा पारदर्शक असतो, हृदयाची धडधड सूक्ष्मदर्शकातून थेट दिसते, म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांनी त्याला जवळ केलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही त्याच्यावर काम चालतं.

लॅम्ब्डा सायहॅलोथ्रिन हे पायरेथ्रॉईड जातीचं. ही विषं मज्जातंतूंची सोडियमची दारं उघडी ठेवतात. माशाला थरथर सुटते. फवारणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याला मुंग्या येतात आणि आग होते, त्यामागची क्रिया तीच. ओरेगनमध्ये लहान कुपी आणि मोठी कुपी यांत काहीच फरक सापडला नाही. मृत्यू आणि व्यंग यांत तर कुपीतलं आणि कुपीबाहेरचं विषही सारखंच. पण थरथर मात्र कुपीतल्या औषधाने जास्त भ्रूणांना आली आणि जास्त वेळ टिकली. निव्वळ शुद्ध रसायन देऊन पाहणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं. नॅनो म्हटलं की घाबरणाऱ्यांना आणि नॅनो म्हटलं की हरखणाऱ्यांना, दोघांनाही हा निकाल अडचणीचा आहे. आकाराने काही केलं नाही, वेष्टनाने केलं.

सोबतचा पदार्थ निकाल कसा फिरवतो याचं आणखी साधं उदाहरण पर्मेथ्रिन या कीटकनाशकाचं. रॅट जातीच्या मोठ्या उंदरांत त्याचा तोंडावाटेचा एलडी-५० ग्रंथांत ४३० ते ४००० असा दिलेला असतो. कशात कालवून दिलं यावर बरंच अवलंबून आहे. मक्याच्या तेलात दिलं तर जास्त शोषलं जातं, पाण्यात दिलं तर कमी. नॅनोचा यात काही संबंध नाही, तरी एकच रसायन पिवळ्यातून निळ्यात जातं. आता कुणी साधं पर्मेथ्रिन तेलात देऊन आणि नॅनो पर्मेथ्रिन पाण्यात देऊन दोन्हींची तुलना केली, तर निघालेला फरक नॅनोचा की तेलाचा? हे तपासायला नुसत्या पाण्यातला गट लागतो, नुसत्या तेलातला लागतो, रिकाम्या कुप्यांचा लागतो, आणि बाजारातल्या तयार औषधाचाही. इतके गट म्हणजे इतके उंदीर, इतका खर्च. असे निबंध वाचताना मी निष्कर्षाआधी गट मोजतो. रिकाम्या कुपीचा गट नसेल तर पुढे वाचताना हात आखडता घेतो.

नफ्याच्या बाजूचे आकडेही असेच चाळून घ्यावे लागतात. वेल्लोरच्या संशोधकांनी २०१० मध्ये सुमारे १५० नॅनोमीटर कणांचं पर्मेथ्रिन बनवलं. क्युलेक्स डासाच्या निम्म्या अळ्या मारायला साधं पर्मेथ्रिन लिटरमागे ०.७१५ मिलिग्रॅम लागलं, नॅनो ०.११७. सहापट फायदा. पण २०१८ मध्ये मेलनी काह आणि सहकाऱ्यांनी नॅनो कीटकनाशकं आणि नॅनो खतं यांवरचे ७८ निबंध एकत्र चाळले तेव्हा नॅनो उत्पादनांचा साध्यांवरचा मधला फायदा २० ते ३० टक्केच भरला. २०२२ मध्ये आणखी मोठा ताळेबंद आला: किडीवरचा परिणाम ३१.५ टक्के जास्त, शेतातल्या चाचण्यांपुरतं पाहिलं तर १८.९ टक्के जास्त. आणि ज्यांना मारायचं नाही अशा जिवांवरचा घातकपणा ४३.१ टक्के कमी. शेवटचा आकडा खरंच आनंदाचा आहे. फक्त सरासरीत ॲट्राझिनचं शैवाल आणि ॲट्राझिनचा डॅफ्निया एकाच पोत्यात जातात. सरासरीने डॅफ्निया सुखी होत नाही.

तोंडावाटे दिलेल्या औषधाचं इतकं झालं; फवारणी करणाऱ्या माणसाच्या शरीरात ते बहुतेकदा कातडीतून आणि श्वासातून जातं. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. ती औषधं नॅनो नव्हती. माणसाच्या उंचीची कपाशी, अंगावर येणारा फवारा, उघडे हात, मिसळलेली औषधं, असं सगळं त्यात होतं. कुपीतलं औषध तिथे कमी बाधलं असतं की जास्त, हा प्रश्न मात्र वाजवी आहे, आणि त्याचं उत्तर उंदराच्या पोटात नाही.

श्वासाबद्दल नेहमी एक घोळ होतो. अमेरिकेतल्या रॉचेस्टरमध्ये ओबरडॉर्स्टर यांच्या गटाने १९९० च्या दशकात उंदरांना बारा आठवडे टायटॅनियम डायऑक्साईडची धूळ हुंगवली, एका गटाला २० नॅनोमीटरची आणि एकाला २५० ची. वजन सारखं असूनही बारीक धुळीने फुप्फुसाला जास्त इजा केली, आणि पृष्ठभागाच्या हिशेबात मांडल्यावर दोन्ही निकाल एका रेषेत आले. २००४ मध्ये त्यांनीच दाखवलं की कार्बनचे नॅनो कण नाकातून मेंदूच्या गंधकेंद्रात पोचतात. हे वाचून पाठीवरच्या पंपातून निघणारं नॅनो औषधही असंच मेंदूत जाणार असं वाटू लागतं. पण पंपातून सुटे कण उडत नाहीत, पाण्याचे थेंब उडतात. ते बहुतेक शंभर मायक्रॉनच्या पुढचे. नाकात, घशात, कातडीवर ते अडतात. प्रयोगशाळेत मात्र उंदराला एक ते चार मायक्रॉनचं धुकं देण्याची शिफारस असते, म्हणजे फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणारं. खरा धोका आहे तो वाऱ्यात सुकत जाणाऱ्या बारीक थेंबांचा, धुकं करणाऱ्या यंत्रांचा आणि कपड्यांवर वाळून पुन्हा उडणाऱ्या धुळीचा.

आता सर्वांत मोठ्या भगदाडाकडे येऊ. कीटकनाशकांच्या दीर्घकालीन चाचण्या, म्हणजे नव्वद दिवसांच्या, दोन वर्षांच्या, कर्करोगाच्या, पिल्लांवरच्या, साधारणपणे शुद्ध रसायनावर होतात. तयार औषधाच्या वाट्याला येतात त्या मुख्यतः तातडीच्या: पोट, कातडी, श्वास, डोळा. यामागचं तर्कशास्त्र असं की द्रावक आणि बाकीचा मसाला ही तात्पुरती सोबत आहे. शरीरात गेल्यावर रसायन एकटंच उरतं. कुपीने ही सोय मोडली. हळूहळू सोडण्यासाठीच ती बनवलेली आहे, आणि हळूहळू होणाऱ्या परिणामांच्या चाचणीत ती नसतेच. चांदीच्या नॅनो कणांचं पाहा: २००८ मध्ये कोरियात उंदरांना अठ्ठावीस दिवस रोज खाऊ घातले तेव्हा माद्यांच्या मूत्रपिंडांत नरांच्या दुप्पट चांदी साठलेली सापडली. एकदाच खाऊ घालून केलेल्या चाचणीत हे उमटण्याची शक्यताच नव्हती.

भारतात जैवतंत्रज्ञान विभागाने कृषी मंत्रालय आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाला सोबत घेऊन जुलै २०२० मध्ये नॅनो कृषी निविष्ठांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. कणांचा आकार, पृष्ठभाग, स्थिरता यांची माहिती मागण्याचा त्यांचा रोख योग्य आहे. पेच आहे तो व्याख्येचा. जगभर नॅनो म्हणजे १ ते १०० नॅनोमीटर असं सर्रास मानलं जातं. ॲट्राझिनच्या कुप्या, वेल्लोरचं पर्मेथ्रिन, ओरेगनच्या लहान कुप्या, सगळ्या शंभराच्या वर. काटेकोर मोजलं तर या लेखातली निम्मी नॅनो कीटकनाशकं नॅनो ठरत नाहीत. ओरेगनच्या माशांनी आकाराची पर्वा केली नाही हे आठवलं की शंभरची रेघ कशासाठी धरायची, असा प्रश्न पडतो. मला विचाराल तर नियमाने आधी विचारावं की विषाभोवती वेष्टन आहे का, ते किती वेळाने सुटतं, आणि आकार त्यानंतर.

‘किती वेळाने’ हा प्रश्न तालुक्याच्या रुग्णालयातला आहे. हळूहळू सुटणारी गोळी जास्त घेतलेल्या रुग्णाला डॉक्टर साध्या गोळीपेक्षा जास्त वेळ देखरेखीखाली ठेवतात, कारण पहिल्या काही तासांतलं बरं वाटणं फसवं असू शकतं. कुपीतलं कीटकनाशक पोटात गेलेल्या माणसालाही तोच न्याय लागायला हवा. पायरेथ्रॉईडवर तर खास उताराही नाही. लक्षणं बघत उपचार करावे लागतात. उंदरांच्या तातडीच्या चाचणीत प्राण्यांवर चौदा दिवस नजर ठेवतात, आणि कोणतं लक्षण कितव्या तासाला सुरू झालं आणि कधी ओसरलं याची नोंद त्या अहवालांत असते. एलडी-५० चा आकडा बाटलीच्या त्रिकोणापर्यंत पोचतो. ती तासांची नोंद मात्र बाटलीवरच्या उताऱ्याच्या ओळीशेजारी कुठेच येत नाही, आणि औषध कुपीत आहे की द्रावकात हे नातेवाइकांनी आणलेल्या बाटलीवरून ओळखायला डॉक्टरला ‘सीएस’ (कुप्यांतलं) आणि ‘ईसी’ (द्रावकातलं) या अक्षरांपलीकडे काही मिळत नाही.